जुनी फोक्सवॅगन कॅम्पर बस: घ्यावी कशी, चालवावी कशी

जुनी कॅम्पर बस, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली बस, घ्यायची ती पत्र्यासाठी. रंग, पडदे, आतलं लाकूडकाम, एवढंच काय इंजिनसुद्धा नंतर बघता येतं. या बसचं हवेने थंड होणारं इंजिन चार बोल्टवर गिअरबॉक्सला टांगलेलं असतं आणि सवय असलेला माणूस ते तासाभरात खाली उतरवतो. खालचा सांगाडा कुजलेला निघाला तर मात्र वर्षभर गाडी वेल्डरकडे पडून राहते आणि खर्च बसच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा गंजाला दिली आहे. उरलेली बहुतेक चालवण्याला, कारण हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

मी हे इंग्लंडमध्ये राहून लिहितो आहे. कायदे आणि कागदपत्रांबद्दल जे येईल ते इथलं समजा.

कोणत्या काळातली बस

२३ एप्रिल १९४७ रोजी बेन पॉन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचं चित्र काढलं. चालक पुढच्या चाकांवर, इंजिन पार मागे आणि मधली सगळी जागा मोकळी. ८ मार्च १९५० पासून वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली आणि १९५६ मध्ये तिचं उत्पादन हानोव्हरला हललं. त्या मधल्या मोकळ्या जागेत पलंग, शेगडी आणि कपाटं बसवून देणारे कारागीर लवकरच पुढे आले. जर्मनीत वेस्टफालिया, इंग्लंडात डेव्हन, डॉर्मोबील, डॅनबरी. डॉर्मोबीलचं छत बाजूला बिजागरी असलेलं, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं. लांबूनही ओळखू येतं.

पुढची काच मधोमध दुभागलेली असेल तर ती १९६७ पर्यंतची, ‘स्प्लिट-स्क्रीन’. दिसायला सगळ्यात देखणी आणि किमतीलाही सगळ्यात वरची. ऑगस्ट १९६७ पासून एकसंध, बाहेर फुगलेल्या काचेची ‘बे-विंडो’ आली आणि जर्मनीत ती १९७९ पर्यंत चालली. त्यानंतरची चौकोनी तोंडाची, जिला इथे ‘टी२५’ म्हणतात, ती स्वस्त मिळते आणि प्रवासाला जास्त आरामशीर आहे.

पहिली बस घेणाऱ्याला मी बे-विंडोच सुचवेन, आणि तीही ऑगस्ट १९७० नंतर बनलेली. तेव्हापासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले आणि १६०० सीसीचं इंजिन ५० अश्वशक्तीचं झालं. आधीच्या बसला चारही चाकांना ड्रम आहेत. जपून चालवल्या तर त्याही थांबतात, पण आजच्या रहदारीत डिस्क असलेले बरे. १९७२ मॉडेलपासून १७००, मग १८०० आणि १९७६ मॉडेलपासून २००० सीसीची इंजिनं मिळतात. चढावर ती नक्कीच उजवी ठरतात, मात्र त्यांचे सुटे भाग महाग पडतात. १६०० चे भाग फोक्सवॅगनच्याच बीटल मोटारीमुळे जगभर मिळतात आणि अजूनही नवे बनतात. पुढचे इंडिकेटर हेडलाइटच्या खाली, बंपरजवळ असतील तर बस आधीची. वर, हवेच्या जाळीच्या दोन्ही बाजूंना असतील तर १९७२-७३ नंतरची.

एक सावधगिरी. ब्राझीलमध्ये याच चेहऱ्याची कोम्बी २०१३ पर्यंत बनत होती आणि त्यातल्या काही ब्रिटनमध्ये कॅम्पर म्हणून आल्या. नाकावर रेडिएटरची काळी जाळी दिसली की समजा, ही त्यातली. गाडी वाईट नाही, पण तिला जुन्या गाडीच्या सवलती लागू होत नाहीत.

घेण्याआधी भाड्याने

आवडलेली पहिली बस बघायला जाण्याआधी एक शनिवार-रविवार अशीच बस भाड्याने घ्या. कॉर्नवॉल, डेव्हन, लेक डिस्ट्रिक्ट या भागांत त्या मिळतात. पाऊस पडत असताना दोन मुलांसह त्या पलंगावर झोपून बघा, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढून बघा. घरात सगळ्यांना आवडलं तरच पुढे जा. महाराष्ट्रातून सुट्टीला येणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे. भारतीय परवान्यावर इथे बारा महिने गाडी चालवता येते, मात्र भाड्याने देणाऱ्याच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचारून घ्या.

साठ-सत्तरच्या दशकांत याच बसमधून युरोपातली तरुण मुलं इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्लीला आणि तिथून हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत आली. गोव्यातल्या जुन्या माणसांना त्या गाड्या आठवतात. भारतात आज एखादी बस हाती लागलीच तर २०२१ चा नियम लक्षात ठेवा. ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही.

कागद

इथे ४० वर्षांवरच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंदवलं की रोड टॅक्स लागत नाही. गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे फेरफार झाले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. ही सूट मे २०१८ पासूनची. लंडनमध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या ‘यूलेझ’ शुल्कातूनही या वर्गातल्या गाड्या सुटतात. मात्र विकणाऱ्याने वर्ग खरोखर बदलून घेतला आहे का, हे नोंदणीच्या कागदावर स्वतः वाचा.

माझं ठाम मत असं, की एमओटी सक्तीची नसली तरी दरवर्षी करून घ्यावी. पन्नास वर्षांच्या गाडीखाली वर्षातून एकदा परक्या नजरेच्या माणसाने टॉर्च मारला पाहिजे. ज्या बसची कित्येक वर्षांत एमओटीच झालेली नाही, तिचा भाव त्या मानाने धरा. जुन्या एमओटीचे निकाल नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. नापास का झाली यापेक्षा ‘गंज सुरू झाला आहे’ अशा सूचना वर्षानुवर्षं कशा वाढत गेल्या ते वाचा. तिथेच गाडीचा खरा इतिहास सापडतो.

मग चॅसीचा नंबर. बे-विंडोमध्ये तो इंजिनच्या खणात उजव्या बाजूला पत्र्यावर ठोकलेला असतो. १९७० मॉडेलपासून दहा आकडी असलेल्या या नंबरात पहिला २ म्हणजे बसचा वर्ग आणि तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा. तिसरा ३ असेल तर १९७३ चं मॉडेल, म्हणजे ऑगस्ट १९७२ ते जुलै १९७३ मध्ये बनलेली. पुढच्या सीटमागच्या छोट्या पाटीवर हाच नंबर हवा, कागदावरही हाच. तिन्ही जुळत नसतील तर चहा पिऊन परत या.

गंज: इथे घाई नको

दिवसा जा, कोरड्या हवेत जा. ओला पत्रा सगळे दोष झाकतो. सोबत एक टॉर्च, एक लोहचुंबक, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर, अंगाखाली घ्यायला जुनी सतरंजी आणि मळले तरी चालतील असे कपडे. विकणाऱ्याला ‘खाली झोपून बघतो’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला तर ते उत्तरच आहे.

आधी खाली झोपा. बसच्या लांबीभर दोन मुख्य तुळया जातात आणि त्यांतून बाजूला आडवे हात निघतात, ते दाराखालच्या पन्हळीसारख्या पत्र्याला येऊन मिळतात. हा दाराखालचा भाग तीन थरांचा असतो, बाहेरचा, मधला आणि आतला. बरेच जण फक्त बाहेरचा थर बदलून, रंग मारून बस विकतात. आडव्या हातांची टोकं स्क्रू ड्रायव्हरने दाबा. जॅक लावायच्या जागा दाबा. काळं रबरासारखं आवरण जाड फासलेलं असेल तर तिथे जास्त वेळ थांबा, कारण ते ताजं असेल तर कशासाठी मारलं हा प्रश्न उरतोच. मूळ पत्रा ठोकल्यावर खणखणतो. पुट्टीचा आवाज बद्द येतो आणि तिथे चुंबक धरत नाही.

पुढच्या चाकांच्या कमानी आणि चालकाच्या दारातली पायरी बघा. चाकं चिखल-मीठ इथेच फेकतात आणि इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ असतं. चालकाच्या पायाखालची चटई उचला. पुढच्या काचेच्या रबराखाली, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, रंगाला फोड आले आहेत का बघा. तिथून झिरपलेलं पाणी डॅशबोर्डमागून खाली जातं. छताची पन्हळ पूर्ण फिरून बघा. ती नीट करणं हे कौशल्याचं आणि महागडं काम आहे. सरकत्या दाराची खालची कड, मागचे दोन कोपरे आणि इंजिनच्या खणातला बॅटरीखालचा पत्रा. बॅटरीचं आम्ल तिथे सांडत आलेलं असतं, त्यामुळे तो बदललेला असेल तर उलट चांगलं. आत सिंकखालचं कपाट उघडून जमिनीला हात लावा.

एवढ्या सगळ्या जागी थोडाही गंज नाही अशी बस जवळपास नसतेच. तुळया आणि आडवे हात शाबूत, बाहेरच्या पत्र्याला इथे-तिथे गंज, अशी बस बिनधास्त घ्यावी. उलट बाजूची, वरून चकाचक आणि खाली कुजलेली, ती कितीही स्वस्त असली तरी नको. वेल्डिंग झालेलं असेल तर कामाचे फोटो मागा. चांगलं काम केलेला मालक ते अभिमानाने दाखवतो आणि मग तासभर बोलतो. ऐकून घ्या, त्यात बरंच शिकायला मिळतं.

कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या राज्यांतून आणलेल्या बसचा पत्रा हेवा वाटावा असा असतो. त्यांचं स्टेअरिंग डावीकडे आणि सरकतं दार उजवीकडे, म्हणजे इथे रहदारीच्या बाजूला उघडतं. लहान मुलं असतील तर याचा विचार करा. उन्हाने सगळी रबरं आणि सीटची कापडं गेलेली असतात, पण तो खर्च वेल्डिंगपुढे काहीच नाही.

इंजिन आणि चाचणी

फोनवरच सांगून ठेवा, की इंजिन थंड असताना बघायचं आहे. गेल्यावर मागे हात लावून खात्री करा. आधीच तापवून ठेवलेली गाडी थंडीत सुरू होताना कशी वागते ते कळतच नाही.

इंजिन बंद असताना मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकला. ती जाणवेल इतकी हलली, ‘टक्’ असा आवाज आला, तर मुख्य बेअरिंग झिजलेली आहेत आणि इंजिन उघडावं लागणार. मग इंजिनभोवतीचे पत्रे बघा. हे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी गरम हवा खाली आणि थंड हवा वर ठेवतात. कोणी ‘कशाला लागतात’ म्हणून पत्रे काढून टाकले असतील तर ते इंजिन भाजत चाललं आहे.

थोडं ऑइल गळणं या इंजिनाचा स्वभाव आहे. खाली थारोळं साचत असेल तर मात्र किंमत कमी करा. सुरू केल्यावर बारीक टिकटिक चालेल, खोल ठकठक चालणार नाही. शक्य असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ हवेत.

चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन एकदम पाय सोडा. गिअर निसटून बाहेर आला तर गिअरबॉक्सचं काम आहे. गिअरचा दांडा खिचडी ढवळल्यासारखा फिरत असेल तर घाबरू नका. गिअरबॉक्स पार मागे असल्याने मध्ये लांब सळई आहे, तिला आधार देणारं बुश (छोटं कडं) झिजलेलं असतं आणि ते स्वस्तात बदलतं. हीटर चालू करा. गरम हवेबरोबर धुराचा वास आला तर सायलेन्सरजवळचे हीट एक्स्चेंजर (इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारे डबे) फुटलेले आहेत, म्हणजे इंजिनचा विषारी धूर आत येतो आहे. ते बदलल्याशिवाय त्या बसमध्ये मुलांना बसवू नका.

पहिल्या आठवड्यात

बस घरी आली की सगळ्यात आधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, विकणारा काहीही म्हणाला तरी. या बसचा सगळ्यात मोठा शत्रू आग आहे. तडकलेल्या पाइपातून पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं, आणि १६०० च्या इंजिनचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असल्याने एकदा पेटलं की विझवणं कठीण. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतील असे, नव्या मानकाचे पाइप घ्या. इंजिनच्या वर लोंबणारा प्लॅस्टिकचा फिल्टर असेल तर तो तिथून हलवून घ्या. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल नेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, ती ढिली नाही ना बघा. इंजिनच्या खणात आपोआप फुटणारं अग्निशामक बसवा आणि एक नळकांडं चालकाच्या हाताशी ठेवा. इथल्या पंपावर साधं पेट्रोल २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचं आहे. तुम्ही पाच टक्क्यांचं, वरच्या दर्जाचं भरा.

मग ऑइल बदला. १६०० च्या इंजिनात फक्त अडीच लिटर मावतं आणि फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून दर ५००० किलोमीटरला ऑइल बदलायचं, त्याच वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायचे. इंजिन पूर्ण थंड, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ०.१५ मिमी. हे काम स्वतः शिका. पहिल्यांदा अर्धा दिवस जाईल, नंतर तासाभराचं होतं, आणि या इंजिनाशी ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग नाही. मला सर्व्हिसिंगमधलं हे काम सगळ्यात प्रिय आहे.

टायर जड भाराचे हवेत, बाजूवर ‘सी’ लिहिलेले १४ इंची. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. दहा वर्षांवरचे असतील तर काढून टाका. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर बाजारभावाचा वाद होत नाही.

चालवणं

थंड इंजिन सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे चोक आपल्या जागी बसतो. मग चावी. मागून तो खास फुरफुरणारा आवाज येतो. हँडब्रेक डॅशबोर्डखालून ओढायचा दांडा आहे, सोडताना पिळावा लागतो. रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून डावीकडे आणि मागे.

तुम्ही पुढच्या चाकांच्या वर बसलेले असता आणि तुमच्यापुढे बॉनेट नसतं. म्हणून वळताना नेहमीच्या गाडीपेक्षा उशिरा वळा. तुम्ही स्वतः वळणाच्या पुढे गेल्यावर चाकं वळणावर येतात. स्टेअरिंग थाळीसारखं आडवं आणि मोठं आहे, ते खांद्याने फिरवायचं, मनगटाने नाही. दोन दिवसांत हात बसतो.

सपाट रस्त्यावर ताशी ८० ते ९० किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग. तिथे इंजिन, वारा आणि बोलणं तिन्ही एका पट्टीत येतात. चढ दिसला की वेग पडायच्या आधीच तिसरा टाका. हवेचा पंखा इंजिनच फिरवतं, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटलं की पंखाही मंद आणि इंजिन सगळ्यात जास्त तापतं. आवाज वाढला तरी चालेल, फेऱ्या पडू देऊ नका. उतारावर त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापवू नका.

लाल दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या. १६०० मध्ये बॅटरी चार्ज करणारा आणि पंखा फिरवणारा बेल्ट एकच आहे. तो तुटला की थंड हवाच बंद, आणि पुढचे काही मिनिटं इंजिन संपवायला पुरेसे असतात. म्हणून जादा बेल्ट आणि तो बसवायचा पाना कायम गाडीत ठेवा आणि घराच्या अंगणात एकदा बदलून बघा. सोबत पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा छोटा भाग), प्लग, क्लचची केबल आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल असू द्या.

मोटरवेवर मोठा ट्रक शेजारून जाताना आधी हवा बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, झटका न देता. जोराच्या वाऱ्यात उंच पुलांवर वेग आणखी कमी करा. खरं तर मोटरवे टाळाच. ही बस ‘ए’ आणि ‘बी’ रस्त्यांसाठी, म्हणजे मोटरवेपेक्षा लहान रस्त्यांसाठी आहे: वेल्समधला ए५, यॉर्कशर डेल्समधले दगडी कुंपणांचे रस्ते, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. उंच बैठकीमुळे कुंपणापलीकडची शेतं, मेंढ्या, नदी सगळं दिसतं, जे साध्या मोटारीतून कधी दिसत नाही. एक्समूरमध्ये पोर्लॉकचा चढ ए३९ वरून चारास एक (चार फूट पुढे, एक फूट वर) असा आहे. तिथे शेजारचा टोल रस्ता घ्या, चढ सौम्य आणि झाडी सुंदर. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट तीनास एक चढतो, तो सोडून द्या.

मागे रांग लागली तर मोकळी जागा बघून बाजूला थांबा आणि सगळ्यांना जाऊ द्या. समोरून दुसरी बस आली की हात करायचा, ही इथली रीत आहे. पन्नास वर्षांच्या गाडीतून जाणारे दोन अनोळखी लोक इतक्या आनंदाने हात करतात, की मला दर वेळी नवीन वाटतं.

मुलांबद्दल कायदा स्पष्ट आहे. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही आणि त्यावरच्यांनी मागेच बसायचं. मी तर म्हणेन, जितके पट्टे तितकीच माणसं. मागच्या सीटला तीन बिंदूंचे पट्टे जाणकाराकडून बसवून घ्या.

मुक्काम

गॅसची शेगडी वापरायच्या आधी पाइप आणि रेग्युलेटर तपासून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि शेगडीवर गाडी गरम करू नका. दोन चुलींवर पिठलं-भात उत्तम होतो. फोडणी मात्र दार उघडून, नाहीतर पडद्यांना वास महिनाभर राहतो. छताचं कापड ओलं असताना मिटावं लागलं तर घरी आल्यावर पहिल्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. मुक्कामाला छोट्या शेतांवरच्या जागा बघा. स्कॉटलंडात बहुतेक मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकता येतो हे खरं, पण तो हक्क मोटारीला नाही.

हिवाळा

रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की बस आत घ्या. खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तुळयांच्या पोकळीत मेण फवारा. बॅटरी काढून घरात चार्जवर ठेवा. हवाबंद प्लॅस्टिक आच्छादन नको, आत ओल साचते. छपराखाली जागा नसेल तर हवा खेळणारं कापडी आच्छादन घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ओंडके लावा आणि गिअरमध्ये ठेवा. सुट्या भागांची यादी जानेवारीतच करून मागवा, कारण मार्चमध्ये इथल्या प्रत्येक बसवाल्याला तेच भाग हवे असतात.